पॉइंट आठ मिलिमीटर

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे आणि घरातल्या बाकीच्यांना लग्नानंतर कळलं. त्या दिवशी मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "कनेक्टरची उंची पॉइंट नऊपर्यंत आणा, पुष्कळ झालं," तेव्हा मान हलवून गप्प बसायला माझं काय जात होतं? पण नाही. मी म्हणाले, "पॉइंट नऊ काय, कोणीही करेल. मी पॉइंट आठ देते. तेही पहिल्याच सॅम्पलला."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बघा हं."

"बघायचंय काय त्यात?" मी म्हणाले.

मी कनेक्टर डिझाइन करते. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझी निम्मी हयात गेली आहे. यंत्राच्या पडद्याकडून येणारी पट्टीसारखी केबल सर्किट बोर्डाला जिथे जोडतात, तिथला करंगळीच्या नखाएवढा तुकडा म्हणजे कनेक्टर. त्याच्यावर पत्र्याचं कवच असतं. आतले सिग्नल बाहेर सांडू नयेत आणि बाहेरच्या लहरींचा गोंगाट आत शिरू नये, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी ते कवच बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे अर्थिंगच्या पट्टीला, जागोजागी घट्ट टेकलेलं हवं. केसभर जरी उचललं गेलं तरी कवच कवच राहत नाही, उलट स्वतःच गोंगाट करायला लागतं. आमच्या धंद्यातली सगळी मारामारी या टेकण्यासाठी आहे.

जुना कनेक्टर होता एक पॉइंट दोन मिलिमीटर उंच. गिऱ्हाईक कंपनी हातात धरायची छोटी यंत्रं बनवायची, गोदामातल्या मालाची नोंद घ्यायला. त्यांना यंत्र आणखी बारीक हवं होतं. मी कवचाच्या बाजूच्या जाड घड्या काढून टाकल्या, पत्रा एकदम पातळ घेतला आणि त्यातूनच छोट्या छोट्या जिभा कापून खाली वाकवल्या, ग्राउंडला टेकायला. ड्रॉइंग असं देखणं दिसत होतं म्हणून सांगू! मीच दिवसातून चारदा उघडून बघायचे.

टेस्टिंग लॅब माझ्या नणंदेच्या ताब्यात. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. कंपनीत सगळे त्यांना भिंगताई म्हणतात, तेही अगदी तोंडावर. खरं तर या घरात मला त्यांनीच आणलं. नवी नवी नोकरीला लागले तेव्हा माझं एक ड्रॉइंग त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी तणतणत लॅबमध्ये गेले आणि वाट्टेल ते बोलले. त्या शांतपणे ऐकत होत्या. चौथ्यांदा ड्रॉइंग पास करताना म्हणाल्या, "माझा एक भाऊ आहे. फार गरीब स्वभावाचा. त्याला असंच कोणीतरी हवं."

तर, चाचणी कशी होते ते सांगते. बोर्ड एका साच्यात बसवतात, त्याला आम्ही जिग म्हणतो, आणि वरून झाकण लावतात. झाकणाला आतून खाच असते. कनेक्टरला झाकणाचा स्पर्शसुद्धा होऊ नये, म्हणून ती कनेक्टरपेक्षा खोल ठेवायची. नव्या कनेक्टरसाठी नवं झाकण लागणार होतं, त्याचंही ड्रॉइंग मीच काढलं. खाचेची खोली एक मिलिमीटर तरी हवी होती. डोक्यात तो पॉइंट आठचा आकडा असा काही बसला होता की खाचेलाही मी पॉइंट आठच लिहून मोकळी झाले. ही झाली चूक. चुकीची मला फारशी लाज वाटत नाही, माणूस आहे, चुकतं. लाज पुढचीच आहे.

पहिली वीस सॅम्पल्स चाचणीत पास झाली. वीसच्या वीस! मी सगळ्या मजल्यावर मिरवून आले. संध्याकाळी रिपोर्टसाठी फोटो काढायला एक सॅम्पल मायक्रोस्कोपखाली धरलं, तर कवचाच्या मधोमध एक चकचकीत ठिपका. दुसरं घेतलं, त्यालाही तिथेच. तिसरं, चौथं, सगळ्यांना. मला एका क्षणात सगळं कळलं. पातळ पत्रा मधोमध केसभर फुगत होता, मधल्या जिभा ग्राउंडपासून सुटत होत्या, आणि झाकण लावलं की ते झाकण त्या फुगवट्यावर टेकून त्याला खाली दाबत होतं. म्हणजे माझा कनेक्टर पास झालाच नव्हता. झाकणाने त्याला दाबून पास केला होता. यंत्रात त्याला दाबायला कोण येणार होतं?

दुसऱ्या दिवशी सॅम्पल्स गिऱ्हाइकाकडे जायची होती. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. साहेबांकडे जाऊन "पॉइंट आठ होत नाही हो" म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्यांचं ते चष्म्यावरून बघणं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मग मी स्वतःची समजूत काढायला लागले. त्यांच्या यंत्रालाही पाठीमागून झाकण असेलच की! ते दाबेल. दाबायलाच हवं. न दाबून सांगतंय कोणाला?

एवढ्यात ताई रिपोर्टचा कागद घेऊन आल्या. मायक्रोस्कोपमध्ये त्यांनी सवयीने डोकावलं.

"हा ठिपका कसला गं?"

"ट्रेमध्ये घासलंय ते," मी म्हणाले. "पॅकिंगवाल्यांना कितीदा सांगितलं, नीट ठेवा म्हणून."

"सगळ्यांना एकाच जागी?"

"ट्रेला तिथे उंचवटा आहे, ताई."

असलं उत्तर दुसऱ्या कोणी दिलं असतं, तर ताईंनी तो ट्रे मागवला असता. माझ्याकडे बघून त्या हसल्या, पॅकिंगवाल्यांच्या नावाने दोन शब्द बोलल्या आणि कागदावर सही केली. माझ्या समोर, माझ्याच पेनाने.

ऑर्डर मिळाली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. कनेक्टर हजारांनी जायला लागले. पहिले काही आठवडे फोन वाजला की माझ्या छातीत धडधडायचं, मग हळूहळू तेही थांबलं. आपल्याला उगाच भीती वाटत होती, असंही मी एकदा स्वतःला म्हणाले.

दहा आठवड्यांनी तक्रार आली. पडदा उजळला की यंत्राचा वायरलेस संपर्क तुटतो. गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे तपासलं होतं, गोंगाट आमच्या कनेक्टरमधून सांडत होता. परत आलेले तुकडे पेटीत घालून साहेबांनी ताईंच्या टेबलावर ठेवले.

ताईंनी ते जिगमध्ये बसवले. झाकण लावलं. पास.

पुन्हा तपासले. पास. केबल बदलली, मोजणीचं यंत्र बदललं, दुसऱ्या लॅबमधून यंत्र मागवलं. पास. तिकडे गिऱ्हाईक म्हणतंय नापास, इकडे ताईंच्या हातात प्रत्येक तुकडा पास होतोय. असे सोळा दिवस गेले. साहेब पहिले दोन दिवस हसून बोलले, मग हसणं संपलं. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "ताई, रीडिंग तुम्ही स्वतः बघता ना? की आता जरा नजर..."

ताईंनी तोच तुकडा पुन्हा जिगमध्ये बसवला. गेल्याच वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी तिथे उभी होते. माझं ते सुप्रसिद्ध तोंड! एरवी चहात साखर कमी पडली तरी कँटीन डोक्यावर घेते मी. त्या दिवशी मूग गिळून उभी राहिले.

त्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ताई खिडकीशी उभ्या होत्या. हातात औषधाची बाटली. एक डोळा तळहाताने झाकून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होत्या, मग दुसरा डोळा झाकून तीच अक्षरं पुन्हा. ओठ हलत होते. मला बघितल्यावर बाटली पदराआड घेतली, लहान मुलीसारखी.

"मला सगळं दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "निदान मला तरी तसं वाटतंय."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. काय केलं, सांगू? "आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ," असं म्हणाले. आणि खरंच घेऊन गेले. डॉक्टरांनी थेंब घातले, तासभर तपासलं, डोळे उत्तम आहेत म्हणाले. थेंबांमुळे ताईंना पायऱ्या दिसेनात, तर मी त्यांचा हात धरून एक एक पायरी उतरवली. "आता खाली, ताई. आणखी एक. संपल्या." त्या माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू आहेस म्हणून बरं." मला वाटलं, इथेच या जिन्यावर मला काहीतरी व्हावं. झालं काही नाही. रिक्षा मिळाली, घरी आलो.

डोळे चांगले निघाले म्हणून ताईंना बरं वाटेल, अशी माझी कल्पना. उलटंच झालं. "डोळे चांगले आहेत, यंत्र चांगलं आहे, म्हणजे डोकंच चालेनासं झालंय माझं," असं त्या जेवताना म्हणाल्या, आणि नवरा म्हणाला, "ताई, काहीतरीच काय," तर उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मला एक कागद दिसला. लॅबचं काम सोडून पॅकिंगमध्ये बदली मागणारा अर्ज. तारीख घातलेली, सही बाकी होती. सव्वीस वर्षं त्या लॅबमध्ये काढलेल्या बाईने डब्यांवर पट्ट्या चिकटवायला परवानगी मागितली होती.

तो कागद वाचल्यावर तरी मी साहेबांकडे जाईन, असं कोणालाही वाटेल. मी त्याहून हलकी निघाले. मी विचार केला, झाकणाची खाच गुपचूप खोल केली तर? मग झाकण दाबणार नाही, तुकडे आपोआप नापास होतील, दोष माझ्या पत्र्यात सापडेल आणि तो ताईंना सापडेल. ताईंचं नाव राहील, आणि झाकणाचं कोणाला कळणारही नाही. वा! काय हुशारी! जेवणाच्या सुट्टीत ताई कँटीनला गेल्या. त्यांची पिशवी खुर्चीला अडकवलेली. घरातल्याच म्हणून त्या पिशवीत मी कधीही हात घालायचे, कधी कंगवा, कधी रुमाल. त्या दिवशी जिग ठेवतात त्या लॅबच्या कपाटाची चावी घेतली. कानस मारून खाच खोल केली, चुरा फुंकून टाकला, चावी जागेवर ठेवली आणि कँटीनला जाऊन ताईंच्या शेजारी बसून जेवले.

तीन वाजता ताई लॅबमधून तरातरा बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक.

तक्रार आल्यापासून त्या रोज सकाळ-दुपार जिगचं मोजमाप घेऊन वहीत लिहीत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. सोळा दिवस रोज खाचेची खोली पॉइंट आठ. ड्रॉइंगलाही पॉइंट आठच, म्हणून त्यांनी त्यावर शंका घेतली नव्हती. ड्रॉइंग माझं होतं ना! आणि त्या दुपारी खाच एक पॉइंट एक, कडेला कानशीचे ओरखडे. कोणीतरी जिगशी छेडछाड केली होती. कपाटाला कुलूप होतं आणि चावी फक्त ताईंकडे. हे सगळं दुसऱ्या कोणी शोधून काढलं नाही, ताईंनीच साहेबांच्या टेबलावर वही ठेवली आणि सांगितलं.

साहेबांनी आम्हां पाच-सहा जणांना आत बोलावलं. वही उलटसुलट चाळत म्हणाले, "चावी तुमच्याकडेच असते?"

"हो."

"कोणाला दिली होती?"

"नाही."

"मग खाच आपोआप खोल झाली का, ताई?"

ताई उभ्याच होत्या. दोन्ही हात पोटाशी धरलेले. "मला समजत नाहीये, साहेब," त्या म्हणाल्या. "मी केलं असेल आणि मला आठवत नसेल, असंही होऊ शकतं का, तेच मी मघापासून..."

"मी केलं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग मी सगळंच सांगितलं, एका दमात. खाचेचं, फुगवट्याचं, ठिपक्याचं. "ट्रे-बिट्रे काही नव्हतं," असंही सांगितलं. "मला सही व्हायच्या आधीच कळलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या पिशवीतून चावी घेतली." सांगताना मी साहेबांकडे बघत होते. ताईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

साहेब चिडले, पण किती? पाचेक मिनिटं. मग त्यांचा चेहरा उजळायला लागला, कारण सोळा दिवस न सुटलेलं कोडं सुटलं होतं. गिऱ्हाइकाला सांगायला कारण मिळालं होतं. पॉइंट नऊ केलं, पत्रा जरा जाड घेतला, जिभा वाढवल्या की भागणार होतं, आणि ते सगळं मलाच येत होतं. मला लेखी समज मिळाली, बढती गेली. जाताना साहेब म्हणाले, "उशिरा का होईना, स्वतःहून बोललात. हे सगळ्यांना जमत नाही." माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकी लाज वाटली नसती.

घरी आले तेव्हा नवऱ्याला सगळं कळलेलं होतं. मी काही बोलायला गेले तर म्हणाला, "माझ्याशी बोलून काय उपयोग? तिच्याशी बोल." हा माझा गरीब स्वभावाचा नवरा. मी मागच्या खोलीत गेले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यात माझेही कपडे होते.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला माफ करा म्हणायलासुद्धा तोंड नाही."

त्यांनी एक घडी पूर्ण केली. "पॉइंट आठ झालं नाही, त्याचं काही नाही गं. मी कितीतरी ड्रॉइंगं आपटलेली बघितलीत. तू सांगितलं असतंस तर साहेबांशी मी भांडले असते तुझ्यासाठी." मग माझ्याकडे बघितलं. "जिन्यावर माझा हात धरला होतास. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"थेंब घालायच्या आधीपासून?"

"हो, ताई."

त्यांनी मान हलवली आणि माझे कपडे माझ्या हातात दिले. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. "जा, जेवायला वाढ," एवढंच म्हणाल्या.

अबोला धरला नाही त्यांनी. धरला असता तर मला सोपं गेलं असतं. अर्ज फाडून टाकला, लॅबमध्ये पुन्हा पूर्वीसारख्या बसायला लागल्या. नवा कनेक्टर पॉइंट नऊचा झाला, त्यांनी तो तपासला, तीनदा परत पाठवला आणि चौथ्यांदा पास केला. सकाळी एकत्र निघतो, एकत्र परत येतो. चहा पिताना कोणाची तरी टिंगलही करतो. नवरा परवा म्हणाला, "झालं ना सगळं नीट? तू उगाच तोंड पाडून असतेस."

काल संध्याकाळी आम्हां तिघांना बाहेर जायचं होतं. ताईंनी पायात चपला घातल्या, पिशवी घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "मागचं दार लावलंस का गं?"

"लावलं, ताई," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत गेल्या. मी दारात उभी राहून ऐकत होते. मागच्या दाराची कडी त्यांनी दोनदा ओढून बघितली.